वकील मॅडम, तो भागाकार अजून जपून ठेवलाय

आदरणीय वकील मॅडम,

पाठकोऱ्या कागदावर तुम्ही मांडलेला हिशेब अजून माझ्या पर्समध्ये आहे. 84 भागिले 6, बरोबर 14. त्याखाली 14 वजा 5, बरोबर 9. पतसंस्थेत दिवसभर आकडे जुळवणाऱ्या मला तो सुचला नव्हता.

धाकट्या भावावर गोदामातल्या चोरीचा आळ. तो तिथलाच नोकर, म्हणून सात वर्षांपर्यंतचं कलम. पाच महिने आत होता. आरोप निश्चित झाले आणि प्ली बार्गेनिंगच्या, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षा घेण्याच्या, अर्जाची 30 दिवसांची मुदत सुरू झाली. कोर्टाच्या व्हरांड्यात एकाने मला गाठलं, "ताई, गुन्हा कबूल करायला सांगा, पंधरा दिवसांत घरी." मुलाकतीला गेले तर जाळीपलीकडून भाऊही तेच म्हणाला, "केलं नाही गं, पण बाहेर तरी येईन." आम्ही सहीला निघालोच होतो.

आरोपींना मोफत वकील देणाऱ्या लोकअभिरक्षक कार्यालयातून तुम्ही आमच्या वाट्याला आलात. (फुकटचा वकील म्हणून नाक मुरडणाऱ्यांत मीही होते. हा गुन्हा मात्र मला कबूल.)

तुम्ही समजावलंत. पहिलाच गुन्हा आणि कलमात किमान शिक्षा नाही, तर कमाल शिक्षेचा सहावा हिस्सा. 84 महिन्यांचे 14. आत काढलेले 5 वजा, म्हणजे अजून नऊ महिने. चांगल्या वर्तनाच्या हमीवर सुटका होऊ शकते, पण ते न्यायाधीशांच्या हाती. पुढे नेहमीचं अपील नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका किंवा सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका, एवढंच. न्यायाधीश पोलीस आणि फिर्यादीला बाहेर ठेवून त्याला विचारणार होते, हे स्वखुशीने करतोस का? तुम्ही तोच प्रश्न आधी कारागृहात जाऊन विचारलात. तो रडला होता, हे त्याने मला सुटल्यावर सांगितलं.

"करू नकोस" असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. "केलं असशील तर हा रस्ता वाईट नाही. नसशील केलं, तर ही सही खोटी आहे. ठरव." त्याने अर्ज केला नाही. पुढच्याच महिन्यात तुम्ही जामीन मिळवून दिलात.

मग गाडीचा ड्रायव्हर माफीचा साक्षीदार झाला. माल त्याच्याच गाडीतून गेलेला. त्याच्याकडे सांगण्यासारखं होतं म्हणून त्याला माफी. माझ्या भावाला काही ठाऊकच नव्हतं, तर तो सरकारला काय देणार? जास्त बरबटलेला सुटतो आणि रिकाम्या हाताचा अडकतो, हे मला आजही पटत नाही. मी तुमच्यापुढे तणतणले, तुम्ही शांतपणे ड्रायव्हरचा पहिला जबाब वाचत बसलात.

उलटतपासणीत तुम्ही त्याला विचारलंत, गोदामाची किल्ली कुणी दिली? जबाबात मुकादमाचं नाव होतं, कोर्टात त्याने माझ्या भावाचं घेतलं. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला दुसऱ्या पुराव्याचा टेकू लागतो. तो नव्हता. भाऊ निर्दोष सुटला.

परवा त्याने नव्या नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरला. 'शिक्षा झाली आहे का' या रकान्यापाशी पेन थबकलं, मग 'नाही' लिहिलं. सवयीने दोनदा गिरवलं.

निकालादिवशी पेढे घेऊन आले होते, तुम्ही दुसऱ्या सुनावणीत होतात. डबा शिपाईकाकांकडे ठेवलाय. आईने सांगितलंय, डबा परत करू नका.

तुमची,
धाकट्याची ताई