बाबांचं कानातलं मशीन

परवा शनिवार-रविवार गाठून आम्ही सहकुटुंब नगरला गेलो होतो. (अहिल्यानगर म्हणायची जिभेला अजून सवय नाही.) १९९४ साली सुरू झालेलं तिथलं रणगाडा संग्रहालय बाबांना कधीचं बघायचं होतं. १९६५च्या लढाईत पाकिस्तानकडून हाती आलेल्या पॅटन रणगाड्यापाशी ते हटूनच बसले. असल उत्तरची लढाई, तिथे लढलेले अब्दुल हमीद, त्यांचं परमवीर चक्र असं सगळं नातवाला सांगून झालं. वाकून चाकं दाखवताना कानातलं मशीन गवतात पडलं, आणि कळलं ते तासाभराने, किल्ल्याकडे निघताना!

परत आलो तर एक जवानदादा आणि सहलीला आलेल्या शाळेची पाच-सहा पोरं आमच्यासोबत ओणवी होऊन गवत चाचपू लागली. नऊवारीतल्या एका आजींनी बाबांना सावलीत बसवून स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. मशीन सापडलं रणगाड्याच्या पट्ट्याखाली, दोन वेण्यांच्या एका मुलीला. बाबांनी खाऊला पैसे पुढे केले, तर ती लाजून पळालीच. नाव विचारायचं राहिलं.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. नेहरूंची कोठडी मात्र राहून गेली. किल्ल्यासाठी परत यावं लागणार.