टॅटूबंदीला दफनभूमीचा धाक कशाला?

संपादक महोदय,

अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातील बेने इस्राएल, म्हणजे कोकणातील मराठी ज्यू, घरांत टॅटूचा विषय निघाला की वडीलधारी माणसे मुलांना एकच धाक घालतात: अंगावर गोंदवून घेतलेस तर आपल्या दफनभूमीत जागा मिळणार नाही. एखाद्या संस्थेने स्वतःचा तसा नियम केला असेल तर गोष्ट वेगळी, पण आपल्या धर्मशास्त्रात असा दंड कोठेही सांगितलेला नाही. ऑशविट्झच्या छळछावणीत ज्यांच्या हातांवर बळजबरीने क्रमांक गोंदले गेले, त्यांना तर शास्त्र दोषही देत नाही.

मनाई मात्र आहे, आणि ती मुलांना कारणांसह सांगायला हवी. आपल्या मूळ धर्मग्रंथातील, म्हणजे तोरातील, लेवीय १९:२८ मध्ये अंगावर गोंदण्यास बंदी आहे, आणि कातडी टोचून तीत कायमची शाई भरणे हा अपराध असल्याचे मिश्ना या रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) प्राचीन नियमसंग्रहात स्पष्ट केले आहे. लग्नाआधीच्या आपल्या मेंदीला ही बंदी लागू होत नाही, कारण मेंदीसाठी कातडी टोचावी लागत नाही आणि तिचा रंग चार दिवसांत उतरतो.

माझ्या भाचीला मनगटावर हिब्रू अक्षरांत ‘श्मा यिस्राएल’ (‘हे इस्राएला, ऐक’) हे वचन गोंदवून घ्यायचे आहे. कोकणात इतर ज्यूंपासून शतकानुशतके तुटून राहिलेल्या, तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी ते बंद ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांनी बाकीच्या हिब्रू प्रार्थना विसरल्या तरी हे वचन तोंडी जपले, त्यामुळे तिची ओढ मला मनापासून समजते. परंतु त्या वचनात परमेश्वराचे नाव आहे. मिश्नामध्ये अपराधाची व्याप्ती सर्वांत कमी मानणारे रब्बी शिमोनसुद्धा ते नाव गोंदणे अपराधच मानतात. आणि ज्याच्या अंगावर ते लिहिलेले आहे त्याने आंघोळ करू नये, घाणेरड्या जागी उभे राहू नये, असे मिश्नावरील चर्चांचा ग्रंथ ताल्मूद सांगतो. रोज आंघोळ करून लोकलच्या गर्दीत शिरणाऱ्या मुलीला हे कसे पाळता येईल?

त्याच वचनाच्या पुढे, तोरातील अनुवाद ६:८ मध्ये, हे शब्द हाताला चिन्ह म्हणून बांधण्याची आज्ञा आहे. आपले पुरुष प्रार्थनेच्या वेळी तेफिलीन (वचने ठेवलेल्या चामडी डब्या) बांधतात आणि प्रार्थना संपली की सोडून ठेवतात. भाचीने मेझुझा, म्हणजे हेच वचन लिहिलेले चर्मपत्र, आपल्या खोलीच्या चौकटीला लावावा, असे मी तिला सुचवले आहे. निर्णय अर्थातच तिचा आहे.

सणासुदीला मुंबई-ठाण्याहून तरुण मुले गावी येतात, तेव्हा अलिबाग व रेवदंडा येथील सिनेगॉगमधील (प्रार्थनामंदिरांतील) जाणत्यांनी त्यांना समोर बसवून हे सारे समजावून सांगावे आणि दफनभूमीचा धाक घालणे आता थांबवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक बेने इस्राएल वाचक, अलिबाग