झोपेचं काही लिहिणार नाही

सोलापूर,
22 जानेवारी

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोन तू ठेवलास की रेंज गेली, हे मी विचारणार नाही. रेंज गेली असंच धरते. बोलायला लागलं की माझं तोंड आधी सुटतं आणि मागोमाग तुझं रडू, म्हणून लिहायला बसलेय. शेजारचे काका उद्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला निघालेत. त्यांच्याकडे हे पत्र, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी देते. चटणी मावशीलाही दे. मागच्या वेळी डबा तुझ्या कपाटात सापडला म्हणून तिनं मला ऐकवलंय.

तर इंग्रजी साहित्यात 80 पैकी 34. पप्पांना सांगितलं, ते "बरं" म्हणाले. त्यांचं "बरं" तुला माहीतच आहे. मी मात्र मार्कांवरून रागावले नव्हते गं. तू म्हणालीस, "मला साहित्य कळतच नाही, आणि तुला सांगून तरी काय उपयोग?" त्याचा राग आला. उपयोगाचं म्हणशील तर खरंय. माझं इंग्रजी दहावीपुरतं, तेही मराठी शाळेतलं, पाठ करून पास झालेलं. पण तुला कळत नाही हे साफ खोटं. त्याला मी साक्षीदार आहे.

आणि परवा रात्री दोन चाळीसला तू ऑनलाइन होतीस. पाचव्या दिवशी पाणी आलं, तेही रात्री दीड वाजता. टाकी भरत उभी होते म्हणून दिसलं. एवढंच. झोपेचं काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसलेय.

दिवाळीत आली होतीस तेव्हाचं आठवतंय का? शर्टांचा ढीग पडला होता आणि बटणं लावायला बाई आली नव्हती. तू काजांचे दोरे कापत बसलीस आणि कात्री चालवता चालवता मला शेक्सपिअरचं 'ज्युलियस सीझर' नाटक सांगायला लागलीस. सीझरचा खून झाल्यावर लोकांपुढे मारणाऱ्यांतल्या ब्रूटसचं भाषण आधी, मग सीझरचा मित्र अँटनीचं. ब्रूटस साध्या गद्यात बोलतो आणि अँटनी पद्यात, हे तूच सांगितलंस. ब्रूटस सज्जन, ब्रूटस सज्जन असं अँटनी म्हणत राहतो, आणि दर वेळी त्या शब्दातला एकेक टाका उसवत जातो. मी म्हणलं, हे तर मोठ्या काकूंचं "आमची धाकटी भारी हुशार हं". तू इतकी हसलीस की कात्री खाली पडली.

मग झग्याची गोष्ट निघाली. प्रेत समोर असताना अँटनी आधी त्यावरचा झगा दाखवतो. सीझरनं तो पहिल्यांदा कधी घातला होता ते सांगतो, उन्हाळ्यातली संध्याकाळ, तंबूत, नर्वी लोकांना हरवलं त्या दिवशी. मी म्हणलं, पक्का माणूस दिसतोय. कापड पहिल्यांदा अंगावर कधी चढलं ते सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी येणारच. मामाचा निळा फुलशर्ट अजून ट्रंकेत आहे. निकालाच्या दिवशी घालायचा म्हणून शिवला होता. असो.

पुढे तो झग्याला सुऱ्यांनी पडलेलं एकेक भोक दाखवतो. हे कॅशियसचं, हे कॅस्काचं, हे ब्रूटसचं. तेव्हा मी विचारलं होतं, मारताना हा तिथं होता का? कापडाला एकदा भोक पडलं की ते कात्रीचं, खिळ्याचं का उंदराचं हे सांगता येतं, पण कुणाच्या हातचं ते कसं सांगणार? तू दोन मिनिटं गप्प बसलीस. मग पुस्तक काढलंस, पानं मागे उलटलीस आणि ओरडलीस, "आई, नव्हता! कटातला ट्रेबोनियस त्याला आधीच बाहेर घेऊन गेला होता!" म्हणजे त्यानं रचून सांगितलं. आणि अख्ख्या रोमला ते पटलं. तुझा चेहरा तेव्हा काय झाला होता! त्या शर्टांचे पैसे मिळाले तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

आता ऐक. मावशीनं तुझ्या पेपरचे फोटो पाठवलेत. तिच्यावर चिडू नकोस, मीच मागितले होते. तो झगाच आलाय त्यात! झग्याचा उल्लेख अँटनी का करतो, गुण 3. आणि तू काय लिहिलंस? अँटनी हा एक कुशल वक्ता होता, इथून सुरू करून दीड पान, सगळं गाईडातलं. डिक्शनरी घेऊन मी दोन संध्याकाळी वाचलं, झगा कुठंच नाही. बाईंनी लाल शाईत लिहिलंय, उताऱ्याला धरून लिही. दोन तासांत पाच प्रश्न, 16 गुणांचा एकेक, आणि शेवटचा कवितेचा प्रश्न कोरा. अगं, पहिल्याच बाहीला एवढं कापड घातलंस तर पाठ कशाची शिवणार? तीन गुणांना तीन मुद्दे, पाच-सहा ओळी, की पुढे. सुरुवातीची पंधरा मिनिटं नुसती वाचायला देतात ना, तेवढ्यात कुठल्या प्रश्नाला किती लिहायचं ते ठरवून टाक. उतारा बघितला की आधी विचारायचं, कोण बोलतंय, कुणाशी, आणि आत्ताच का. गाईड मिटून ठेव. बटणं लावत असलेल्या बाईला सांगतेयस असं समजून…

बघ, आलेच लेक्चरवर. कधी नाटक न बघितलेली बाई तुला शेक्सपिअर शिकवतेय. माफ कर.

पण गाईडातलं पाठ करायला रात्र लागते मनू, आणि कळलेलं लिहायला लागत नाही, म्हणून म्हणते. मामाही म्हणायचा, रात्री डोकं चालतं. आजी कंदील विझवायची, तो परत लावायचा. त्या वर्षाचं मी तुला कधी नीट सांगितलं नाही, आणि पत्रात तर सांगणारच नाही. तू मामासारखी दिसतेस असं सगळे म्हणतात. मला ते आवडतं आणि आवडतही नाही.

तू म्हणशील, तूही जागी होतीस की. मी पाण्यासाठी होते.

तुझं पेन्सिलीनं गिचमिड केलेलं जुनं पुस्तक मी वाचतेय, रोज दोन-तीन पानं, मशीन बंद केल्यावर. ब्रूटसची बायको पोर्शिया मला पटली. नवरा रात्री अंथरूण सोडून गार हवेत फिरतो आणि वर तब्येत बरी नाही म्हणतो, तर ती खडसावून विचारते, मग हे काय औषध आहे? ब्रूटसचंही नवल वाटतं. स्वतःला झोप नाही, पण नोकर पोरगा ल्यूशियस गाढ झोपलाय तर त्याला उठवत नाही. पुढे तंबूत तेच पोर वाजवता वाजवता झोपतं, तर हा वाद्य मोडू नये म्हणून त्याच्या हातातून हळूच काढून घेतो. एवढा खून करून बसलेला माणूस! तुझ्या छातीवरून मी मोबाईल असाच उचलायचे. हे पान वाचून मशीनवरच बसून राहिले. पप्पांनी विचारलं, काय झालं? म्हणलं, दोरा तुटला.

पप्पा यंदा सिद्धेश्वराच्या यात्रेत गड्ड्याला गेलेच नाहीत. मनू नाही तर पाळण्यात कोण बसणार, म्हणाले. नंदीध्वज मात्र दारावरून बघितले. तुझ्या नावानं दोन अक्षता टाकायला शेजारणीला सांगितलं होतं. ती म्हणते टाकल्या. पप्पांनी तुझ्या 34 मार्कांच्या पेपरचा फोटो स्वतःच्या मोबाईलवर घेऊन ठेवलाय. काल कारखान्यात कुणाला तरी दाखवत होते, बघा आमच्या पोरीचं इंग्रजी अक्षर.

पिशवीत स्वेटर आहे. कोपर उसवलं होतं ते शिवलंय. कमी मार्क पडले तर पडू देत, दुसरे विषय आहेत, पुढचं वर्ष आहे, सगळं आहे. फक्त अकराला दिवा बंद कर. साडेअकराला. मावशीला मी काही बोललेले नाही.

पाचवा अंक अजून वाचायचाय. पण नको, तूच सांग फोनवर, कोण कसं मरतं ते. रविवारी कर, दिवसा.

तुझी,
आई