न मिटलेल्या तळहाताचे आभार

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

त्या संध्याकाळी दारात उभी राहून मी आभाराचे दोन शब्द बोलू लागले, तेव्हा ‘आभार कसले, त्या दोघींना सांभाळा’ एवढेच म्हणून आपण चपला घातल्या आणि निघालात. माझ्या मनातले सगळे मनातच राहिले. आज सहा आठवडे लोटले तरी तो एक तास आठवला की गळा दाटून येतो, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. ज्यांच्या घरी नुकतेच गिनीपिग आले आहेत आणि कोपऱ्यात अंग चोरून बसले आहेत, अशा कुणाच्या वाचनात ते आले, तर आपल्याला आनंदच होईल असे वाटते.

तिळी आणि भुरी आमच्याकडे पुठ्ठ्याच्या खोक्यातून आल्या. विकणाऱ्याने वरून हात घालून दोघींना पाठीला धरून उचलले, खोक्यात सोडले आणि ‘रोज चार वेळा हातात घ्या, आठवड्यात माणसाळतील’ असे सांगून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. आम्ही अजाण, आम्ही तेच प्रमाण मानले. पुढचे दहा दिवस मी आणि माझी मुलगी त्या दोघींच्या मागे हात धुऊन लागलो होतो, असेच म्हणावे लागेल. एकीला कोपऱ्यात गाठायचे, उचलायचे आणि ती हातात गप्प बसली की ‘बघ, सवय होते आहे’ म्हणून एकमेकींकडे समाधानाने पाहायचे. ते गप्प बसणे म्हणजे भीतीने थिजणे होते, हे आम्हांला कुणीही सांगितले नव्हते. तिच्या काळजाची धडधड माझ्या बोटांना लागत होती आणि तरीही मला उमगले नाही, याचे शल्य अजून गेलेले नाही.

दहाव्या दिवशी तिळीने खाणे सोडले. आम्ही विकणाऱ्याला विचारले, तर ‘भूक लागली की खाईल’ असे उत्तर मिळाले. अनेक वर्षे प्राणी पाळणाऱ्या एका परिचितांनी ‘शेवटी उंदराचीच जात, एवढे काय मनाला लावून घेता?’ असे म्हणून हसत फोन ठेवला. त्यांच्यावरचा माझा राग अजून शमलेला नाही आणि तो लपवण्याचे मला कारणही दिसत नाही. गिनीपिगच्या पोटात सतत काहीतरी, मुख्यतः सुके गवत, जात राहावे लागते. त्याचे आतडे थंडावले तर एका दिवसाचा उपाससुद्धा जिवावर बेतू शकतो. इतकी साधी गोष्ट, जिवंत प्राणी विकणाऱ्याला ठाऊक नसावी, किंवा ठाऊक असून सांगावीशी वाटू नये, हे मला आजही पटत नाही. आपली आमची ओळख ना पाळख, तरीही आपण फोनवर पहिलाच प्रश्न विचारलात तो ‘शेवटचे कधी खाल्ले, आणि लेंड्या पडत आहेत का?’ हा. त्याच तासाला आपण आम्हांला डॉक्टरांकडे धाडलेत. उपचारांचा तपशील इथे देत नाही. तिळी वाचली, आणि तिसऱ्या दिवशी आपण स्वतः आमच्या घरी आलात.

मला सांगायचे आहे ते त्या भेटीविषयी. आपण आलात, मनगटावरचे घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलेत आणि थेट जमिनीवर बसलात. पिंजऱ्याला हातही न लावता आपण बराच वेळ हलक्या आवाजात आमच्याशीच बोलत राहिलात, त्या दोघींच्या कानांना आपला आवाज ओळखीचा व्हावा म्हणून. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीत माणसाने हा प्राणी हजारो वर्षांपूर्वी पाळीव केला, पण झडप वरून येते ही धास्ती त्याच्या रक्तातून गेलेली नाही, हे आपण समजावून सांगितलेत. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला आजूबाजूचे पुष्कळ दिसते, मात्र अगदी नाकासमोरचे नीट दिसत नाही. म्हणून हात नेहमी खालून, बाजूने आणि आधी आवाज देऊन न्यावा, हेही सांगितलेत. लपायच्या घरकुलाला दोन दारे हवीत, नाहीतर एक दुसरीला आत कोंडते, हे ऐकून मुलीने तिथेच कात्री आणून खोक्याला दुसरे दार पाडले.

मग आपण पिंजऱ्याचे दार उघडलेत, कोथिंबिरीची एक काडी तळहातावर ठेवलीत आणि हात आत, जमिनीला टेकवून, उताणा सोडून दिलात. किती वेळ गेला कोण जाणे. तिळीचे नाक दिसले, मग मिशा. तिने काडी ओढून नेली, आत बसून खाल्ली आणि पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला तिने पुढचे दोन्ही पाय आपल्या तळहातावर ठेवले, आणि त्या पायांची चार चार इवलाली बोटे आम्ही पहिल्यांदाच इतकी स्पष्ट पाहिली. मुलगी श्वास रोखून कुजबुजली, ‘आता उचला ना!’ आपण फक्त मान हलवलीत. एक बोटसुद्धा वळले नाही. तिळीने आपले मनगट हुंगले आणि ती आली तशी सावकाश परत गेली. तेव्हा आपण म्हणालात, ‘तिला परत जाता आले, हे तिच्या लक्षात राहील.’

ताई, तो न मिटलेला तळहात मी विसरू शकत नाही. आमच्या घरी आल्यापासून त्या जिवाला पहिल्यांदाच कुणीतरी ‘नको’ म्हणायची मुभा दिली होती. दहा दिवसांचा तो पाठलाग मी रडवेली होऊन आपल्याला सांगितला, तेव्हा आपण ना रागावलात ना उपदेश केलात. ‘आता कळले ना, मग झाले’ एवढेच म्हणालात. जाणकार माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत, पण विचारणाऱ्याला खाली मान घालायला न लावता सांगणारी फार थोडी भेटली. आणि दुबळ्यावर चालत असूनही आपला हात न चालवणारी त्याहूनही थोडी. अशा माणसांची कुठे नोंद होत नाही. ती येतात, जमिनीवर बसतात, आणि चहाही न घेता निघून जातात.

आता आम्ही घाई करत नाही. तिळी आपणहून मांडीवरच्या टॉवेलवर चढते. तिला उचलायची वेळ आली, तर एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली देऊन, अंगाशी धरून उचलतो, आणि तेही खाली बसूनच, कारण इतक्या लहान देहाला थोड्या उंचीवरून पडणेही महागात पडते. भुरी हातातून ढोबळी मिरची खाते, पण मांडीवर येत नाही. तिला यायचे असेल तेव्हा ती येईल. सकाळी कोथिंबिरीची पिशवी नुसती वाजली तरी दोघी शिट्टीसारखा आवाज काढून घर डोक्यावर घेतात, आणि मागच्या आठवड्यात भुरीने आनंदाने जागच्या जागी हवेत उडी मारली, तेव्हा आम्ही दोघी अक्षरशः टाळ्या वाजवणार होतो. तिला दचकवू नये म्हणून हात आवरले.

काल संध्याकाळी तिळी मुलीच्या मांडीवर मागचे पाय लांब पसरून आडवी झाली आणि तिने डोळे मिटले, अगदी पूर्ण मिटले. मुलीच्या पायांना मुंग्या आल्या होत्या, तरी अर्धा तास तिने पाय हलवला नाही.

आपली कृतज्ञ,
तिळी आणि भुरीच्या घरची