इम्प्लांटआधी पंपाची निवड नीट होऊ द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मधुमेहींनी डोळे, मूत्रपिंडे आणि पाय कसे जपावेत, यावर आपल्या आरोग्य पुरवणीत नियमित लेख येतात. परंतु याच आजाराने पुरुषाच्या लिंगाची ताठरता जाते, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून स्वतःचा अनुभव कळवण्याचे धाडस करीत आहे. माझे वय ६१ आहे आणि मधुमेहाला १८ वर्षे झाली. ताठरतेसाठीच्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्यावर डॉक्टरांनी इम्प्लांटची, म्हणजे लिंगात ताठरतेसाठी कृत्रिम साधन बसवण्याची, शस्त्रक्रिया सुचवली आणि ‘तोवर एखादा व्हॅक्यूम पंप आणून वापरा’ असे जाता जाता सांगितले. हा पंप म्हणजे लिंगावर नळी बसवून त्यातली हवा काढणारे आणि त्यायोगे लिंगात रक्त ओढणारे साधन. पंप कोणता, किती वेळ आणि कशासाठी वापरायचा, हे विचारायचा मला संकोच वाटला आणि त्यांनीही सांगितले नाही.

मी ऑनलाइन मिळणारा सर्वांत स्वस्त पंप मागवला. खोक्यात प्लॅस्टिकची नळी, हाताने दाबायचा रबरी फुगा आणि लिंगाच्या मुळाशी चढवायचे एकाच मापाचे कडे निघाले. दाब मर्यादेबाहेर जाऊ नये यासाठी जी झडप लागते, ती मात्र त्यात नव्हती. अँजिओप्लास्टी झाल्यापासून मी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेतो, आणि अशा रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून हे साधन वापरू नये, हे मला ठाऊकच नव्हते. तिसऱ्या दिवशी त्वचेखाली बारीक तांबडे ठिपके उमटले आणि एका बाजूला रुपयाएवढा जांभळा डाग पडला. तो पाहून पत्नी घाबरून गेली. ‘आधी हे बंद करा आणि उद्याच दुसऱ्या डॉक्टरांकडे चला,’ असे तिने निक्षून सांगितले.

या दुसऱ्या युरोलॉजिस्टांनी (मूत्ररोगतज्ज्ञांनी) माझ्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून घेतले, डाग जाईपर्यंत थांबवले आणि मग टेबलावर चांगला पंप ठेवून आम्हा दोघांनाही अर्धा तास समजावून सांगितले. पंपाचे उपयोग दोन आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. संबंधासाठी वापरताना पंपाने लिंगात रक्त ओढून घेतल्यावर मुळाशी कडे चढवतात. ते योग्य मापाचे हवे आणि ३० मिनिटांच्या आत काढलेच पाहिजे. शस्त्रक्रियेपूर्वीचा व्यायाम मात्र कड्याविना, दिवसाकाठी १० ते १५ मिनिटे, साधारण महिनाभर करायचा असतो, जेणेकरून बराच काळ न ताणल्या गेलेल्या ऊती थोड्या सैल होतात. अशा महिनाभराच्या वापरानंतर लिंगाची ताणलेली लांबी किंचित वाढल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते. ही वाढ सेंटिमीटरभरही नाही; तरी जाहिराती ‘कायमची वाढ’ म्हणून हेच साधन विकतात, याचा मला मनापासून राग येतो.

निवड आधी नीट व्हायला हवी, कारण इम्प्लांट बसवताना लिंगाच्या आतील स्पंजासारख्या ऊतींना कायमची इजा होते. पुढे तो काढावा लागला, तर गोळ्यांनी पूर्वीसारखी ताठरता येण्याची आशा जवळजवळ उरत नाही. त्यात मधुमेहींना जंतुसंसर्गाची धास्ती अधिक. खर्चही थोडाथोडका नाही: फुगवता येणाऱ्या परदेशी इम्प्लांटसाठी लाखांत पैसे मोजावे लागतात, तर वाकवता येणारा भारतीय बनावटीचा त्या मानाने स्वस्त पडतो. काही जोडप्यांचे पंपावरच समाधानाने भागते, हेही मला तेव्हाच प्रथम कळले. आमचे भागेल की नाही, हे ठरवण्याची संधी तरी आम्हाला शस्त्रक्रियेआधी मिळायला नको का?

म्हणून आपणास दोन विनंत्या आहेत. एखाद्या युरोलॉजिस्टाकडून या विषयावर सोप्या मराठीत सविस्तर लेख लिहवून घ्यावा आणि त्यात झडप, कड्याचे माप व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांचा उल्लेख आवर्जून असावा. तसेच नपुंसकत्वावर हमखास इलाजाचा दावा करणाऱ्या जाहिराती १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याने निषिद्ध असल्यामुळे त्यांना आपल्या अंकात छोट्या चौकटीतही जागा देऊ नये. सरकारी रुग्णालयांतील मधुमेह तपासणीच्या दिवशी हा पंप दाखवून शिकवणारा एखादा प्रशिक्षित कर्मचारी बसला, तर माझ्यासारख्या कितीतरी जणांची भीड चेपेल.

आमची शस्त्रक्रियेची तारीख अजून ठरलेली नाही. नवा पंप वापरायला लागून आज अकरावा दिवस आहे. महिना पूर्ण झाल्यावर आम्ही दोघे पुन्हा डॉक्टरांना भेटणार आहोत.

आपला,
सातारा जिल्ह्यातील एक वाचक
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)