‘सुप्रीम्स’चा संच घेताना

मा. संपादक,

मराठवाड्यातल्या ज्या संग्राहकांना ‘द सुप्रीम्स’ या अमेरिकी गायिकांच्या गटाच्या गाण्यांचा समग्र संच मागवायचा आहे, त्यांनी आधी यादीतली साले तपासावीत. डेट्रॉइटचा हा गट १९५९ ते १९७७ असा गात होता. पण काही संच जानेवारी १९७० मध्ये मुख्य गायिका डायना रॉस बाहेर पडली तिथेच थांबतात. मग तिच्या जागी आलेल्या जीन टेरेलने गायलेले ‘स्टोन्ड लव्ह’ हुकते, आणि ते हुकू देण्यासारखे गाणे नाही!

१९६४ ते ६७ ची गाणी शक्यतो मोनोतच (सगळा आवाज एकाच वाहिनीत) घ्यावीत. त्यांची रेकॉर्ड कंपनी मोटाउन तेव्हा सिंगल (सुटी गाणी) रेडिओसाठी बनवी, छोट्या स्पीकरवर ऐकून पाही. त्यामुळे मोनोत बास, ड्रम आणि गळे एकजीव लागतात. स्टिरिओत वाद्ये एका बाजूला सरकून ठेका विरळ होतो.

पुस्तिकेत श्रेय नीट हवे. १९६८ च्या ‘लव्ह चाइल्ड’मध्ये साथीला गटातल्या मेरी विल्सन, सिंडी बर्डसाँग नाहीत, ‘अँडान्टीज’ या मोटाउनच्या साथगायिका आहेत. त्या बायकांचे नाव छापलेच पाहिजे.

विनाइल असेल तर आपल्याकडच्या ४२-४३ अंशांत तबकड्या एकावर एक रचू नयेत, पत्र्याखाली किंवा बंद गाडीत तर मुळीच नकोत. उभ्या ठेवाव्यात, नाहीतर त्या वाकतात आणि सुई उड्या मारते.

– काही संग्राहक, लातूर