मित्रास पत्र : छपरावरचा हवेचा पाइप

देवगड,
एप्रिल, दुसरा आठवडा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

शिमग्याला घर उघडलंस तेव्हा खालच्या बाथरूमला वास मारत होता, माडीवर फ्लश केला की खालच्या कमोडात बुडबुड वाजत होतं आणि बेसिनचं पाणी रडतखडत उतरत होतं, असं तू लिहिलंयस. सेप्टिक टाकी उपसा आणि शोषखड्डा नवा काढा, असा सल्लाही तुला मिळालाय. त्या खर्चात पडण्याआधी छपरावरचा हवेचा पाइप बघून घे. कोणी त्याला व्हेंट म्हणतं, कोणी गॅसचा पाइप. तो तुंबला की लक्षणं थेट टाकी भरल्यासारखी दिसतात, म्हणून पहिली कुदळ नेहमी टाकीवर पडते.

आत काय चाललेलं असतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. कमोड, नहाणी ट्रॅप (जमिनीवरच्या जाळीखालचा), बेसिनखालचा बॉटल ट्रॅप, या सगळ्यांच्या वाकणात थोडं पाणी अडकवून ठेवलेलं असतं. कमोडात ते साधारण 50 मिलिमीटर उंच असतं, म्हणजे आडवी धरलेली तीन बोटं. टाकीतला वास आणि तुझं घर यांच्यामध्ये एवढाच पडदा. माडीवरून फ्लशचं पाणी उभ्या 110 मिलिमीटरच्या पाइपातून खाली येतं ते पिचकारीच्या दट्ट्यासारखं: पुढची हवा दाबतं, मागची ओढतं. मागची हवा छपरावरच्या तोंडातून यायची असते. ते तोंड बंद असेल तर पाणी जवळच्या ट्रॅपमधून हवा खेचतं. तू ऐकलास तो गुळगुळाट त्या हवेचा. पुन्हापुन्हा असं झालं की तीन बोटं पाणी कमी होत जातं आणि शेवटी वास मोकळा होतो. बेसिन हळू उतरतं तेही याचमुळे. बाटली उपडी केली की पाणी भक्-भक् करत येतं ना, तसंच.

तुझं घर मात्र आठ-आठ महिने बंद असतं, म्हणून एक गोष्ट आधी बाजूला काढ. बंद घरात ट्रॅपमधलं पाणी नुसतं वाळूनही जातं आणि वास अगदी तसाच येतो. तेव्हा गेल्यागेल्या प्रत्येक जाळीत, बेसिनात, सिंकमध्ये दोन-दोन तांबे पाणी ओत, कमोडात अर्धी बादली. रात्रभर काहीच वापरू नकोस. सकाळी वास नसेल आणि दिवसभर वापरूनही आला नाही, तर पाइपाला दोष नाही, नुसता कोरडेपणा होता. परत निघताना प्रत्येक ट्रॅपमध्ये पाण्यावर चमचाभर खोबरेल तेल सोडलंस तर वाळायला बराच वेळ लागतो.

पाणी भरूनही वास परत आला तर मग खरी तपासणी. एकच बेसिन किंवा एकच जाळी हळू वाहत असेल तर तिथलेच केस, साबणाचा थर नाहीतर माशाची खवलं असतील. छपरावर चढायची गरज नाही. दोन-तीन ठिकाणी एकदम त्रास असेल तर पुढचं कर. खालच्या बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपची जाळी काढ, आत उपडी वाटी बसवलेली असेल तर तीही उचल. पाण्यात झाडूचा एक हीर उभा धर आणि पाणी कुठपर्यंत येतं तिथे नखाने खूण कर. आता कोणाला तरी माडीवर पाठवून फ्लश करायला सांग, लगेच मागोमाग कमोडात दहा लिटरची भरलेली बादली एका दमात ओतायला लाव. तू नजर पाण्यावरच ठेव. खाली जाऊन पाणी परत वर आलं, पण खुणेपेक्षा कमी राहिलं, तर ओढ लागते आहे: छपरावर गेलेला उभा पाइप बंद. पाणी आधी वर उसळलं, बुडबुडे आले आणि मग जागेवर बसलं, तर दाब येतो आहे: टाकीवरच्या हवेच्या पाइपाकडे बघ. पाणी वर आलं आणि तिथेच थांबलं, तर मात्र पुढची लाइन किंवा टाकी तुंबली आहे आणि तुझा सल्लागार बरोबर. खात्रीसाठी मागचं चेंबर, म्हणजे टाकीकडे जाणाऱ्या लाइनीवरचा झाकणाचा खड्डा, उघड. त्यात पाणी साठून असेल तर हवेच्या पाइपाला दोष देण्यात अर्थ नाही.

टाकीवरचा हवेचा पाइप छपरावरच्यापेक्षा वेगळा, हे लक्षात ठेव. सेप्टिक टाकीच्या भारतीय मानकात तो निदान 50 मिलिमीटर व्यासाचा असावा, टाकी घरापासून 15 मीटरच्या आत असेल तर घराच्या माथ्यापेक्षा 2 मीटर उंच न्यावा आणि तोंडावर डास अडवणारी जाळी असावी, असं दिलेलं आहे. गावात तो पुष्कळदा पडवीच्या वळचणीपर्यंतच येऊन थांबलेला दिसतो. उन्हाळ्यात हे खपून जातं, कारण टाकीतली हवा शोषखड्ड्याच्या बाजूनेही निघते. आषाढात जमिनीतलं पाणी वर येतं, खड्डा भरतो, टाकीचं बाहेरचं तोंड पाण्याखाली जातं. मग हवेला उरतो तो एवढाच पाइप, आणि तोही बंद असला तर ती कमोडातून वर येते. पावसाळ्यातच बुडबुड आणि दिवाळीनंतर सगळं ठीक, असं होत असेल तर हे कारण आधी धर.

वासाची वेळही टिपून ठेव. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई डोंगराकडून. तुझी टाकी घराच्या पूर्वेला आहे. वास फक्त रात्री आणि पहाटे, तोही खिडकीतून, तर पाइप तुंबलेला नसून त्याचं तोंड खिडकीच्या उंचीला आहे. तिथे सफाई करून उपयोग नाही, पाइपच वर न्यायला हवा.

आता चढायचं. मृग लागायच्या आत, नळे परतायला माणसं येतात तेव्हाच हे उरकून घे. शेवाळ धरलेल्या कौलांवर पावसात कोणालाही चढवू नकोस, स्वतः तर नाहीच. तुझा उभा पाइप मागच्या स्लॅबवर निघतो, त्यामुळे काम सोपं आहे. पण स्लॅबवर नंतर पत्रे घातलेत ना? पाइप पत्र्यातून बाहेर काढलाय की खालीच कापून ठेवलाय, हे पहिलं बघ. निसर्ग (जून 2020) किंवा तौक्ते (मे 2021) वादळानंतर ज्यांनी छप्पर नव्याने घातलं त्यांनी तर हे बघावंच. दुसरी गंमत म्हणजे बांधकामाच्या वेळी पाइपात सिमेंट पडू नये म्हणून लावलेलं टोपण. ते तसंच राहून गेलं तर घर बांधल्यापासून व्हेंट असून नसल्यासारखा.

पाइपाजवळ जाण्याआधी दहा मिनिटं लांबून बघ. गांधीलमाश्या ये-जा करत असतील तर त्या दिवशी परत फीर. आणि धूर करून, चूड पेटवून त्यांना हाकलायला जाऊ नकोस. त्या तोंडातून मिथेन येतो, तो पेट घेतो. याच कारणाने विडी-काडीही नको. माश्या नसतील तर काऊल, म्हणजे वरची जाळीची टोपी, फिरवून काढ आणि खालची हिराची परीक्षा टोपीशिवाय परत कर. पाणी खुणेवर राहिलं तर रोग टोपीतच होता. समुद्राजवळ बहुधा तेच निघतं: लोखंडी जाळी खाऱ्या हवेने गंजते, गंजाचे पापुद्रे, कोळ्याची जाळी आणि धूळ एकमेकांत मिसळून भोकं लिंपल्यासारखी बंद होतात. बाहेरून जाळी शाबूत दिसते. उजेडासमोर धरलीस की उजेड पलीकडे येत नाही.

टोपी काढूनही फरक नसेल तर आरशाने ऊन पाइपात पाड. बॅटरीपेक्षा खूप आतपर्यंत दिसतं. कुंभारमाशीचं मातीचं घर, खारीने आणलेला काथ्या, साळुंकीचं घरटं, आंब्याची पानं, यातलं काहीतरी पहिल्या दोन हातांत नाहीतर छपराच्या वळचणीला पाइप वळतो त्या वाकणात सापडेल. घरट्यात पिल्लं असतील तर उडून जाईपर्यंत थांब, तेवढे दिवस वास सहन होतो.

सगळ्यात मोठी चूक इथे होते: लोक बांबू घालून ते खाली ढकलतात. काथ्याचा गोळा खालच्या वाकणात जाऊन बसतो, त्यात कागद अडकतो, आणि हवेचं दुखणं मैल्याचं होऊन बसतं. बांबू मोडला तर त्याचा तुकडाही तिथेच. म्हणून वर ओढ. नळ साफ करायची स्प्रिंग घे, टोकाला आकडा असलेली, गोळ्यात रुतेपर्यंत एकाच दिशेने पीळ आणि फिरवणं न थांबवता वर घे. मातीचं घर असेल तर ते फोडावंच लागतं, त्याची माती पडायचीच. त्याआधी खाली पाइपाच्या बुडाशी डोअर बेंड, म्हणजे झाकण असलेलं वाकण, आहे त्याचे बोल्ट सोडून झाकण काढ आणि आतल्या तोंडाशी कांद्याच्या जाळीदार गोणीचा तुकडा अडकव. पडेल ते त्यात येईल. त्या वेळात घरात कोणी पाणी वापरायचं नाही, हे सगळ्यांना सांगून ठेव, नाहीतर खाली उभ्या असलेल्याची आंघोळ होईल. झाकण परत लावताना रबर नीट बसव आणि चारही बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळ, म्हणजे झाकण तिरकं बसत नाही.

शेवटी पाणी सोडून बघ, पण बेताने. आधी अर्धी बादली. खाली गेल्याचा आवाज आला तर मग नळी लाव. पाणी वर येऊ लागलं तर तत्क्षणी बंद कर. 110 च्या पाइपात मीटरला साधारण साडेआठ लिटर पाणी मावतं. तीन मीटर भरले की पंचवीस लिटर डोक्यावर उभे, आणि ते रबर रिंगच्या जोडातून भिंतीत शिरतात. आणि अ‍ॅसिड अजिबात नको. काथ्याला त्याने काही होत नाही, टाकीतले जंतू मरतात, आणि अ‍ॅसिड ब्लीचिंग पावडरला भेटलं तर क्लोरीन निघतो.

पाइपात काहीच सापडलं नाही आणि त्रास फक्त पावसात होत असेल तर आडव्या भागाला झोळ पडलाय का बघ. दोन क्लॅम्पच्या मध्ये पाइप उन्हाने लवतो, पोटात पावसाचं पाणी साठतं आणि तेच बूच होऊन बसतं. उन्हाळ्यात ते आटतं म्हणून काही सापडत नाही. दर मीटरला क्लॅम्प मारून उतार उभ्या पाइपाकडे दे. पाणी परत आत वाहून गेलं पाहिजे.

नवी टोपी पीव्हीसीची घे, लोखंडी नको. जाळी काढूनच टाकावी असं तुला वाटेल, पण तसं करू नकोस. टाकीत क्युलेक्स डास होतात आणि तोंड उघडं राहिलं की संध्याकाळी ते तुझ्या पडवीत. सव्वा मिलिमीटरच्या आसपास भोक असलेली स्टेनलेस स्टीलची जाळी तोंडावर सपाट ताणू नकोस, उपड्या वाटीसारखी फुगवून बसव आणि स्टीलच्या क्लिपने आवळ. फुगवटीमुळे जाळीचं क्षेत्र तोंडाच्या दुप्पट होतं, अर्धी धरली तरी हवा खेळते. उघड्यावरचा पाइप उन्हाने ठिसूळ होतो, त्याला रंगाचे दोन हात दे. आणि कोणी हवेची एकमार्गी झडप लावायला सांगितलं तर ती सिंकखाली चालेल. टाकीच्या पाइपावर नको, ती हवा आत घेते पण बाहेर सोडत नाही.

एवढं करूनही चेंबर भरलेलंच असेल तर टाकी उपसायची वेळ आली आहे. ते काम सक्शनची गाडीच करते. झाकण उघडून आत वाकून बघू नकोस आणि माणूस तर आत उतरवूच नकोस, कितीही तयार असला तरी. आतला हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं, त्यामुळे धोका कळतही नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदीही आहे.

मे महिन्यात येशील तेव्हा स्प्रिंग आणि स्टीलची जाळी मुंबईहूनच घेऊन ये. काऊल घेण्याआधी पाइपाचा बाहेरचा व्यास मोजून घे, 75 ची टोपी 110 वर बसत नाही आणि दुकान बारा किलोमीटरवर आहे. शिडी मांगरात आहे, वरून तिसरी पायरी सैल झालीय, ती आधी सुंभाने बांधून घे.

घरच्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
देवगडकर